एचएस१ आणि एच४: दिसायला जुळे, पण तुमच्या बाइकला कुठला चालेल?

बाइकचा उजेड कमी पडतो म्हणून घरीच बल्ब बदलायला निघालेले बरेच जण दुकानात जाऊन सरळ एच४ हा हॅलोजन बल्ब मागतात. दुकानदारही देतो, कारण तो बसतो. बसतो म्हणजे चालतो असं सगळ्यांना वाटतं आणि खरी गडबड तिथेच आहे, कारण आपल्याकडच्या बहुतेक १०० ते १५० सीसीच्या हॅलोजनवाल्या गाड्यांत मुळात एच४ नसतोच, एचएस१ असतो.

दोन्ही शेजारी ठेवा, पटकन फरक सांगता येणार नाही. मागे तीन पिना, लोखंडी चकतीला तीन कान, काचेच्या आत दोन फिलामेंट, त्यातल्या एकाखाली छोटीशी पत्र्याची वाटी. कानांच्या मापात बारीक फरक ठेवलेला असतो, तरी पुष्कळ गाड्यांत एकाच्या जागी दुसरा बसून जातो, नाही बसला तर लोक कानस मारून बसवतात. ओळखायची खरी खूण म्हणजे बुडावरचा छाप. १२ व्होल्ट ३५/३५ वॉट असेल तर एचएस१, ६०/५५ वॉट असेल तर एच४ (पहिला आकडा अपरचा म्हणजे लांबच्या उजेडाचा, दुसरा डिपरचा म्हणजे जवळच्या). स्प्लेंडर, शाइन, युनिकॉर्न, पल्सर १५० यांच्या हॅलोजन मॉडेल्समध्ये ३५/३५ येतो, आणि जुनी क्लासिक ३५०, हिमालयन ४११ यांच्यात ६०/५५. पल्सर २२० चं प्रकरण वेगळं आहे, तिच्यात प्रोजेक्टर (भिंगातून उजेड टाकणारा दिवा) आहे, ती या चर्चेत घेऊ नका.

एच४ हा १९७१ पासूनचा कारसाठी आलेला बल्ब, एचएस१ हा त्याच घडणीचा पण कमी वॉटचा, दुचाकीसाठी. डिपरच्या फिलामेंटखाली जी वाटी असते ती खालच्या बाजूला जाणारा प्रकाश अडवते, त्यामुळे रिफ्लेक्टरचा (बल्बमागच्या चकचकीत आरशाचा) फक्त वरचा अर्धा भाग वापरला जातो आणि भिंतीवर वर अंधार खाली उजेड अशी सरळ रेघ पडते, समोरच्याच्या डोळ्यात न जाणारी. अपर मारला की दुसरं फिलामेंट पेटतं, त्याला वाटी नाही, म्हणून तो पूर्ण रिफ्लेक्टर वापरतो. ही रचना दोघांत जवळपास सारखी आहे, म्हणून एचएस१ च्या जागी एच४ टाकला तरी फोकस फारसा बिघडत नाही आणि बदलणाऱ्याला वाटतं की काम झालं.

आता आकडे बघा. १३.२ व्होल्ट मिळाले तर एचएस१ डिपरला साधारण ५२५ लुमेन (उजेडाचं माप) देतो, अपरला ८२५. एच४ डिपरला १०००, अपरला १६५०. म्हणजे कागदावर सरळ दुप्पट, आणि पावसाळ्यात रात्री तामिणी किंवा वरंधा घाट उतरलेल्या माणसाला ५२५ किती तोकडे असतात हे सांगायला नको, ओल्या डांबरावर तो उजेड अक्षरशः गायब होतो, त्यामुळे दुप्पट उजेडाची इच्छा अगदी रास्त आहे. पण या आकड्यातली "१३.२ व्होल्ट मिळाले तर" ही अट वाचायची राहून जाते.

हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. साध्या भाषेत, बल्बला ५ टक्के व्होल्टेज कमी मिळालं तर उजेड १६ टक्क्यांच्या आसपास घटतो, १० टक्के कमी मिळालं तर ३० टक्के. आणि बाइकच्या वायरिंगमध्ये व्होल्टेज गळायला जागा भरपूर: बॅटरी, फ्यूज, चावीचा स्विच, हँडलवरचा डिपर स्विच, मध्ये दोन-तीन कपलर (वायरींचे जोड), हँडल वळताना सारखी वाकणारी वायर, शेवटी होल्डर आणि तिथून परतीची अर्थिंग. पाच-सात वर्षांच्या गाडीत या सगळ्या जोडांवर थोडा थोडा गंज, थोडी काजळी असतेच.

समजा या सगळ्या रस्त्याचा मिळून रेझिस्टन्स ०.३ ओहम आहे आणि बॅटरीवर १३.८ व्होल्ट आहेत. एचएस१ साधारण ३ अँपिअर ओढतो, म्हणजे वाटेत ०.९ व्होल्ट गेले, बल्बला १२.९ पोचले, उजेडाचा जवळपास पाचवा हिस्सा गेला. त्याच वायरिंगवर एच४ लावा, तो ५ अँपिअर ओढणार, वाटेत १.५ व्होल्ट जाणार, बल्बला १२.३, आणि उजेडाचा जवळपास एक तृतीयांश वाया. ती वाया गेलेली वीज कुठे जाते? वायरमध्ये, स्विचमध्ये, होल्डरमध्ये, उष्णता बनून. करंट ३ वरून ५ झाला की जोडावरची उष्णता वर्गाच्या हिशोबाने वाढते, म्हणजे जवळजवळ पावणेतीन पट. होल्डरचं प्लास्टिक पिवळं पडून वितळतं ते यामुळे, आणि लोक मात्र बल्ब डुप्लिकेट होता म्हणून मोकळे होतात!

म्हणून माझं स्पष्ट मत असं आहे की ३५/३५ च्या गाडीत आधी ३५/३५ लाच त्याचं हक्काचं व्होल्टेज मिळवून द्या. मल्टिमीटर हजाराच्या आत मिळतो. इंजिन चालू, थोडा रेस, हेडलाइट पेटलेला, आधी बॅटरीच्या टोकांवर मोजा, मग होल्डरच्या मागे बल्बच्या पिनांवर मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर तुमचा उजेड वायरिंग खातंय, बल्ब नाही. कपलर उघडून कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, अर्थिंगचा बोल्ट काढून खालचा रंग-गंज घासा, होल्डर काळवंडला असेल तर नवाच टाका, सिरॅमिकचा मिळाला तर उत्तम. एवढ्यावर बऱ्याच जुन्या गाड्यांचा उजेड डोळ्याला कळेल इतका सुधारतो. त्यानंतरही कमी वाटला तर ३५/३५ मध्येच जास्त उजेडाचे म्हणून बल्ब मिळतात, वॉट तेवढेच, पण त्यांचं आयुष्य कमी, हा व्यवहार मला पटतो.

उष्णतेचा दुसरा मुद्दा रिफ्लेक्टरचा. जुन्या बुलेटचा रिफ्लेक्टर पत्र्याचा आणि पुढची काच खरी काच, त्यांना ६० वॉट काही करत नाही. कम्युटर गाड्यांचं अख्खं हेडलाइट युनिट प्लास्टिकचं, ३५ वॉटच्या हिशोबाने बनवलेलं. आतली चंदेरी कलई एकदा धुरकट झाली की कुठलाही बल्ब लावा, उजेड परत येत नाही, युनिटच बदलावं लागतं.

तरीही एच४ लावायचाच असेल तर आधी गाडी एसी की डीसी, म्हणजे हेडलाइट सरळ इंजिनवरच्या वीज बनवणाऱ्या मॅग्नेटोवर चालतो की बॅटरीवर, ते बघा. जुन्या स्प्लेंडरसारख्या गाड्यांत हेडलाइट बॅटरीवर नसतोच, सरळ मॅग्नेटोच्या कॉइलवर असतो, आयडलला मंद आणि रेस दिला की लखलखीत. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींना इंजिन चालू असताना हेडलाइट सतत चालू असणं सक्तीचं झालं, त्यामुळे नुसतं "चावीवर लाइट लागत नाही म्हणजे एसी" हा जुना ठोकताळा आता चालत नाही, मल्टिमीटर एसीवर ठेवून होल्डरवर मोजा. एसीवाल्या गाडीत एच४ लावला तर त्या कॉइलची ताकदच ३५ वॉटच्या आसपासची, बल्ब नारिंगी पेटणार आणि दुप्पट सोडा, कदाचित आधीपेक्षा कमीच उजेड मिळणार. अशा गाडीत एच४ चा विचार सोडून द्या.

डीसी गाडी असेल, चार्जिंगला ताकद असेल, तरच पुढे जा, आणि रिलेशिवाय (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचशिवाय) नाही. दोन रिले, एक अपरला एक डिपरला. बॅटरीच्या प्लसवरून १.५ स्क्वेअर एमएमची वायर, बॅटरीजवळच १५ अँपिअरचा फ्यूज, ती दोन्ही रिलेंच्या ३० नंबरच्या पिनला. ८७ मधून होल्डरला. मूळ वायरिंगची डिपर-अपरची वायर ८६ ला, ८५ अर्थला, आणि होल्डरची अर्थिंग जाड वायरने थेट बॅटरीच्या मायनसला. आता हँडलवरचा स्विच फक्त रिले चालवतो, मोठा करंट त्याच्यातून जातच नाही. साधा रिले एसीवर नुसता फडफडतो, एसी गाडीला हा जुगाड लागू होत नाही तो म्हणून. आयडलला, ट्रॅफिकमध्ये बॅटरीवर व्होल्टेज १२.५ च्या खाली उतरत असेल तर तुमच्या स्टेटरला (वीज बनवणाऱ्या कॉइलला) हा भार झेपत नाहीये, परत ३५/३५ वर या.

डब्यावर "एच४/एचएस१" असं दोन्ही छापलेले एलईडी बल्ब येतात, त्यामुळे हे दोन एकच असा गैरसमज आणखी पक्का होतो. तो छाप फक्त बसण्यापुरता आहे. एलईडी करंट कमी खातो हे खरं, पण हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये त्याचा प्रकाश नेमक्या जागेवरून निघाला नाही तर ती वर अंधार खाली उजेडवाली रेघ फिसकटते आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. १००/९० वॉटचे एच४ तर बाइकला लावूच नका, ८ अँपिअर कुठलीच मूळ वायरिंग झेपवणार नाही. समोरच्याला दिपवणारा दिवा केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १०६ व्या नियमातही बसत नाही.

बल्ब बसवताना काचेला बोट लावू नका, लागलंच तर स्पिरिटने पुसा, तेलाच्या डागावर काच जास्त तापून बल्ब लवकर जातो. मग फोकस. गाडी भिंतीपासून ५ मीटरवर सरळ उभी, टायरमध्ये हवा बरोबर, सीटवर माणूस बसलेला, स्टँडवर नाही. डिपरची वरची रेघ हेडलाइटच्या मध्याच्या उंचीपेक्षा साधारण ५ सेंटीमीटर खाली हवी. नेहमी मागे कोणी बसत असेल तर त्यालाही बसवून सेट करा, मागचं सस्पेन्शन दबलं की नाक वर जातं आणि डिपरही अपरसारखा डोळ्यात जातो.

हे सगळं झाल्यावर अर्धा तास लाइट लावून फिरून या, गाडी बंद करा आणि होल्डरच्या मागच्या वायरींना हात लावून बघा. कोमट असतील तर ठीक. चटका बसला तर तिथला जोड सैल आहे, तो कापून नवं थिंबल (वायरच्या टोकाला दाबायचा धातूचा जोड) दाबा.