पार्श्वभूमी : सिनेमातली आई, मालिकेतली सासू

1994 या वर्षात अभिनेत्री रीमा लागू एकाच वेळी तीन घरांत वावरत होत्या. ऑगस्टमध्ये प्रदर्शित झालेल्या 'हम आपके हैं कौन'मध्ये त्या दोन लग्नाच्या मुलींची सोशिक आई होत्या, 'श्रीमान श्रीमती' या मालिकेत शेजाऱ्याच्या बायकोवर लट्टू झालेल्या नवऱ्याची बायको होत्या आणि 'तू तू मैं मैं' या मालिकेत सुनेशी पदोपदी खटके उडवणारी सासू होत्या. तेव्हा त्यांचे वय होते 36. इतक्या लहान वयात आईच्या भूमिका स्वीकारणे योग्य होते का, हा जो वाद त्यांच्या कारकिर्दीबद्दल आजही होतो, तो या वर्षात सर्वांत ठळक दिसतो, म्हणून ही पार्श्वभूमी जन्मतारखेपासून सुरू न करता येथून सुरू केली आहे.

त्याआधीचा भाग थोडक्यात सांगता येतो. 21 जून 1958 रोजी जन्मलेल्या रीमा यांचे माहेरचे नाव नयन भडभडे. त्यांच्या आई मराठी रंगभूमीवरच्या अभिनेत्री होत्या, त्यामुळे नाटकाचे वातावरण घरातच होते. पुण्यात हुजूरपागेत शिकत असतानाच त्यांच्या अभिनयाची चुणूक दिसली, मात्र व्यवसाय म्हणून त्या नाटकाकडे वळल्या त्या शालेय शिक्षण पूर्ण झाल्यावर. मुंबईत त्यांनी सुमारे दहा वर्षे एका राष्ट्रीयीकृत बँकेत नोकरी केली. दिवसा बँकेचे टेबल आणि संध्याकाळी तालीम किंवा प्रयोग हा त्या काळातल्या मुंबईच्या नाट्यसृष्टीतला सर्रास दिसणारा दिनक्रम होता. आंतरबँक सांस्कृतिक स्पर्धांनी मराठी रंगभूमीला किती नट पुरवले याचा हिशेब कोणी मांडलेला नाही, पण तो मांडायला हवा. लग्नानंतर त्या रीमा लागू झाल्या. पती रंगभूमीवरचेच नट होते आणि पुढे दोघे विभक्त झाल्यावरही आडनाव तेच राहिले. त्याच आडनावाच्या ज्येष्ठ नटाशी त्यांचे नाते जोडण्याची चूक मात्र अजूनही होते.

रंगभूमीवर त्यांची ओळख विनोदी नटी अशी नव्हती, हे येथे मुद्दाम नोंदवले पाहिजे. 'पुरुष'मधली अंबिका ही सत्ताधारी पुरुषाच्या अत्याचाराला बळी पडलेली आणि नंतर त्याच्यासमोर उभी ठाकणारी शिक्षिका होती, तर 'सविता दामोदर परांजपे'मध्ये झपाटलेल्या बाईची भूमिका होती. दोन्ही भूमिका अंगावर येणाऱ्या, आवाजाची आणि श्वासाची कसोटी पाहणाऱ्या होत्या. पुढे सासूच्या एका टोमण्यावर घरोघरचे प्रेक्षक हसले, त्यामागे हा आवाज होता. ज्या नटीला प्रेक्षागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोहोचवण्याची सवय असते, तिला मायक्रोफोनसमोर आवाज दाबून बोलतानाही शब्दाची धार राखता येते. हिंदी समांतर सिनेमातही 'आक्रोश' आणि 'कलयुग'मध्ये त्यांनी लहान पण लक्षात राहणाऱ्या भूमिका केल्या होत्या, आणि 1985 मध्ये दूरदर्शनवर आलेल्या 'खानदान'मुळे छोट्या पडद्याचीही त्यांना ओळख झाली होती.

वादाचा मुद्दा आहे तो 1988 नंतरचा. 'कयामत से कयामत तक'मध्ये त्या नायिकेची आई झाल्या, तेव्हा त्या तिशीच्या उंबरठ्यावर होत्या. पुढच्याच वर्षी 'मैंने प्यार किया'मध्ये त्या ज्या नायकाची आई झाल्या, तो त्यांच्याहून साडेसात वर्षांनी लहान होता. 1999 च्या 'वास्तव'मध्ये तर पडद्यावरचा मुलगा प्रत्यक्षात त्यांच्यापेक्षा जेमतेम तेरा महिन्यांनी लहान होता. अशा भूमिका स्वीकारण्याचा निर्णय योग्य होता का, यावर दोन मते आहेत. एका मतानुसार हा हिंदी सिनेमाचा जुना अन्याय आहे: नायक पन्नाशीतही महाविद्यालयात जातो, आणि अभिनेत्रीने तिशी ओलांडली की तिच्या हातात आरतीचे तबक येते. दुसऱ्या मतानुसार, नायिकेच्या शर्यतीत कधीच नसलेल्या आणि रंगभूमीवरून आलेल्या नटीसाठी हा हिशेबी आणि शहाणपणाचा निर्णय होता, कारण त्यामुळे तिला मोठ्या चित्रपटांत सलग काम मिळत राहिले.

दोन्ही मतांत तथ्य आहे, पण दोन्ही मते सिनेमापुरतीच बोलतात आणि येथेच 'चरित्र अभिनेत्री' हा शब्द गोंधळ घालतो. मूळ अर्थाने चरित्र भूमिका म्हणजे स्वतःचा स्वभाव, खोडी, बोलण्याची लकब असलेले पात्र. व्यवहारात मात्र नायक-नायिका आणि खलनायक सोडून जे उरतात ते सगळे चरित्र अभिनेते, असा त्याचा अर्थ झाला. पुरस्कारांच्या यादीत त्याचेच 'सहाय्यक' झाले. या सहाय्यक गटात रीमा यांना एका प्रतिष्ठित चित्रपट पुरस्कारासाठी चार वेळा नामांकन मिळाले आणि एकदाही पुरस्कार मिळाला नाही. यातली गंमत अशी की, ज्या भूमिकांमुळे त्या चरित्र अभिनेत्री म्हणवल्या गेल्या, त्यांतल्या बऱ्याच भूमिकांना चरित्र असे नव्हतेच. वत्सल, समजूतदार, डोळ्यांच्या कडा ओलावणारी आई हा एक ठसा होता. त्या ठशात त्यांनी जीव ओतला, हे खरे. 'वास्तव'मधल्या आईपुढे तर तो ठसा अपुराच पडला. पण ज्याला शब्दशः चरित्र भूमिका म्हणावी, म्हणजे जिला हट्ट आहे, लबाडी आहे, स्वतःचे खरे करून दाखवण्याची खुमखुमी आहे अशी बाई, त्यांना मिळाली ती आठवड्यातून एकदा दिसणाऱ्या अर्ध्या तासाच्या विनोदी मालिकांत.

'तू तू मैं मैं'मध्ये सून झालेली अभिनेत्री त्यांच्याहून फक्त नऊ वर्षांनी लहान होती आणि मालिकेचे दिग्दर्शन तिच्या पतीने केले होते, जे स्वतः बालपणापासून चित्रपटांत काम करणारे मराठी नट आहेत. कागदावर पाहिले तर हीही वयाची तीच जुनी गफलत होती. परंतु सिनेमात जी तफावत खटकते, तीच येथे उपयोगाला आली. सासू खरोखर साठीची असती, तर सुनेने तिला उलट उत्तर देताना प्रेक्षकाला थोडे अवघडल्यासारखे झाले असते. एका पिढीतल्या म्हणाव्यात अशा दोन स्त्रिया समोरासमोर उभ्या राहिल्यामुळे भांडण बरोबरीचे झाले. दोघीही मराठी, दोघींचाही शब्दांवर ताबा आणि मधोमध सापडलेला मुलगा. रीमा यांची पद्धत अशी की, सुनेचे वाक्य पूर्ण होऊ द्यायचे, लगेच उत्तर न देता आधी पदर नीट करायचा, मुलाकडे एक नजर टाकायची आणि मग अगदी खालच्या पट्टीत टोमणा सोडायचा. आवाज चढायचा तो नंतर. तालमीच्या भाषेत याला 'जागा घेणे' म्हणतात. ही जागा संकलनात तयार होत नाही, ती नटाला स्वतःच घ्यावी लागते.

'श्रीमान श्रीमती'तली कोकिळा, म्हणजे नवऱ्याच्या तोंडची 'कोकी', हे काम त्याहून अवघड होते असे माझे मत आहे. मालिकेचा सगळा डोलारा दोन नवऱ्यांच्या चोरट्या आकर्षणावर उभा होता: केशव कुलकर्णी शेजारच्या चित्रपटतारकेमागे आणि त्या तारकेचा घर सांभाळणारा नवरा कोकीमागे. अशा रचनेत बायको एक तर मूर्ख ठरते किंवा कजाग. कोकी या दोन्हींपैकी काहीच वाटली नाही. नवऱ्याची थाप तिला कळली आहे की नाही, हे प्रेक्षकाला शेवटच्या क्षणापर्यंत कळत नसे, आणि हसू त्या संदिग्धतेतून येत असे. हिंदी मालिकेच्या मध्यभागी कुलकर्णी आडनावाचे मध्यमवर्गीय जोडपे असणे ही तेव्हा मराठी प्रेक्षकांना सुखावणारी बाब होती, भले त्या घरातली 'केकू' (म्हणजे केशव) आणि 'कोकी' ही हाक मारायची नावे कुलकर्ण्यांपेक्षा मुंबईतल्या उच्चभ्रू पेडर रोडला अधिक शोभणारी असोत.

हे सारे शक्य झाले त्याला त्या वेळच्या दूरचित्रवाणीचे वेळापत्रकही कारण होते. 1993 मध्ये दूरदर्शनची मेट्रो वाहिनी करमणुकीसाठी नव्याने उभी राहिली, खासगी उपग्रह वाहिन्या नुकत्याच आल्या होत्या आणि सर्वांनाच घरगुती विनोद हवा होता. आठवड्याला एक भाग असल्याने लेखनाला आणि तालमीला थोडी उसंत मिळे. 'तू तू मैं मैं' पुढे खासगी वाहिनीवर गेली आणि 2000 पर्यंत चालली. त्याच वर्षी जुलैमध्ये सासू-सुनेचे नाते त्याच वाहिनीवर दैनंदिन मालिकेच्या रूपाने परतले, पण आता त्यात विनोद उरला नव्हता. जे भांडण अर्ध्या तासात मिटत असे, ते वर्षानुवर्षे चालू लागले. सासू-सुनेच्या मालिका म्हटले की आज जो प्रकार डोळ्यांसमोर येतो, त्याच्या खात्यावर 'तू तू मैं मैं'लाही टाकले जाते. ते अन्यायाचे आहे. त्या मालिकेत दोघींपैकी कोणीही खलनायिका नव्हती.

'श्रीमान श्रीमती'चा वारसा अधिक स्पष्टपणे दिसतो. 2015 मध्ये सुरू झालेल्या आणि अफाट लोकप्रिय ठरलेल्या 'भाभीजी घर पर हैं' या मालिकेची प्रेरणा तीच होती, आणि 2018 मध्ये मूळ मालिकाच नव्या संचात पुन्हा आणण्यात आली. दोन्ही ठिकाणी शेजारणीकडे पाहणारे नवरे तेच राहिले. त्या नवऱ्यांकडे पाहणारी कोकी मात्र पुन्हा जमली नाही, निदान मला तरी तशी दिसली नाही.

रीमा लागू स्वतः अखेरीस त्याच दैनंदिन मालिकांच्या जगात पोहोचल्या होत्या. 2016 मध्ये सुरू झालेल्या 'नामकरण'मध्ये त्या दयावंती मेहता ही नकारात्मक छटेची, घरावर हुकूमत गाजवणारी स्त्री रंगवत होत्या. या मालिकेचे काम चालू असतानाच 18 मे 2017 रोजी पहाटे मुंबईतल्या एका रुग्णालयात हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्या 58 वर्षांच्या होत्या, म्हणजे गेली जवळपास तीन दशके पडद्यावर त्या ज्या वयाच्या दिसत होत्या, त्या वयाला त्या नुकत्याच पोहोचत होत्या. दयावंतीचे काम दुसऱ्या अभिनेत्रीकडे सोपवून मालिका पुढे चालू राहिली.

2020 च्या टाळेबंदीत दूरदर्शनने जुन्या मालिका पुन्हा दाखवायला घेतल्या, तेव्हा त्यांत 'श्रीमान श्रीमती'ही होती. केकूची भूमिका करणारे नट 1999 मध्येच गेले होते. दुपारच्या वेळी घरात अडकून पडलेल्या प्रेक्षकांसमोर कुलकर्णी पती-पत्नी पुन्हा भांडत होते, नवरा थापा मारत होता आणि ओळखायच्या की नाहीत हे कोकी ठरवत होती.