पाणी येईना की पाणी जाईना? वॉशिंग मशीनचे दोन पाइप, दोन कोड

"पायपातनं पाणीच येईना झालंय बग गा. नुसतं घूं घूं करतंय आणि कायतर अक्षरं दाखवतंय." बेळगावच्या खासबागेतल्या एका मावशींचा सकाळी सकाळी फोन. पाणी येईना म्हणजे नळाकडची भानगड, असं धरून मी मशीनमध्ये पाणी सोडणारा नवा इनलेट व्हॉल्व्ह पिशवीत टाकला आणि गाडीला किक मारली. जाऊन बघतो तर मशीनच्या काचेपर्यंत पाणी आणि त्यात साड्या तरंगताहेत. मावशी बोट दाखवत होत्या ते मोरीत सोडलेल्या पायपाकडे. त्यातून पाणी येत नव्हतं, हे शंभर टक्के खरं होतं.

चूक माझी. कुठला पाइप, हे मी विचारायला हवं होतं. मशीनला पाणी आणणारा एक आणि पाणी नेणारा एक, आपण दोघांनाही पाइपच म्हणतो. मोरीपाशी उभं राहिलेल्या माणसाला पाणी 'येतं', तेच पाणी मशीनच्या बाजूनं बघितलं तर 'जातं'. 'नीर बरवल्दु', म्हणजे 'पाणी येईना', म्हणणाऱ्या कन्नड गिऱ्हाइकाच्या घरीही मी असाच एकदा फसलोय, त्यामुळे दोष एका भाषेला देता येत नाही.

पॅनेलवर मात्र या दोन दुखण्यांचे कोड वेगळे असतात. अडचण इतकीच की ते दिसायला जुळे भाऊ. एलजीच्या मशीनवर पाणी आत येत नसेल तर 'आयई' आणि बाहेर जात नसेल तर 'ओई'. इनलेटचा आय, आउटलेटचा ओ, असं लक्षात ठेवा. पण त्या काड्याकाड्यांच्या पडद्यावर आय म्हणजे एक उभी काडी, हुबेहूब इंग्रजी एकचा आकडा, आणि ओ म्हणजे शून्य. सॅमसंगवर पाणी येत नसेल तर 'चार-ई' आणि जात नसेल तर 'पाच-ई'. नव्या मशीनवर ईच्या जागी सी येतो. यातला पाच आणि इंग्रजी एस त्या पडद्यावर एकसारखेच दिसतात, म्हणून कुणी फोनवर 'एस-ई' म्हणालं तर मी आधी मोरीकडे बघायला सांगतो. बॉशवर 'ई-17' आत येण्याचा आणि 'ई-18' बाहेर जाण्याचा. आणि एलजीवर 'सीएल' दिसलं तर कुणालाच बोलावू नका. तो चाइल्ड लॉक. नातवानं बटण दाबलेलं असतं, तेच बटण काही सेकंद दाबून धरलं की सुटतो.

आता मुद्द्याचं. कोड बघून लोक पार्ट मागवतात, आणि तिथंच पैसे जातात. मशीनला कुठला पार्ट गेला ते कळत नाही. त्याला कळतं ते एवढंच, की टबात पाणी किती उंच आहे. टबाच्या तळापासून हवेची एक बारीक नळी वर जाते. पाणी चढलं की तिच्यातली हवा दाबली जाते आणि वरचा सेन्सर तो दाब मोजतो. एलजीचं फ्रंट लोड घ्या. व्हॉल्व्ह उघडल्यावर आठेक मिनिटांत पाणी ठरलेल्या पातळीला पोचलं नाही, किंवा पंचवीसेक मिनिटांत पुरतं भरलं नाही, की ते आयई दाखवून थांबतं. पंप चालू करून दहाएक मिनिटांत टब रिकामा झाला नाही, की ओई. म्हणजे आयई हा भरायची वाट बघून कंटाळलेल्या मशीनचा निरोप आणि ओई रिकामं व्हायची वाट बघून कंटाळलेल्याचा. वाट बघायला का लागली, ते आपण शोधायचं.

आयईपासून सुरू करू. कारण आमच्या भागात त्याचं सगळ्यात मोठं कारण मशीनमध्ये नसतंच, ते गच्चीवर असतं.

बेळगावला पाणी येतं मार्कंडेय नदीवरच्या राकसकोपहून आणि घटप्रभेवरच्या हिडकलहून. शहरातल्या काही प्रभागांत 2008 च्या सुमारास चोवीस तास पाण्याची योजना सुरू झाली. तिथं मेन लाइनवर थेट मशीन जोडलं तर दाबाची फारशी तक्रार नसते. बाकीकडे पाणी आलं की आधी साठवण, मग मोटर लावून गच्चीवरच्या टाकीत, आणि टाकीतून मशीनला. खानापूर, निपाणीकडच्या घरांतही हेच, वर बोअरचं पाणी जोडीला.

टाकीच्या पाण्याचा दाब म्हणजे निव्वळ उंचीचा हिशेब. दहा मीटर उंचीला साधारण एक बार (बार हे दाबाचं माप). बऱ्याच फ्रंट लोड मशीनच्या पुस्तिकेत किमान अर्धा बार लागतो असं लिहिलेलं असतं. अर्धा बार म्हणजे पाच मीटर. आता तळमजल्याचं घर घ्या. स्लॅबवर टाकी, खाली मशीन. मशीनच्या व्हॉल्व्हपासून टाकीतल्या पाण्यापर्यंत मोजलं तर अडीच-तीन मीटर भरतात, आणि टाकी अर्ध्यावर आली की त्याहूनही कमी. नळाला पाणी धो धो दिसतं, बादली भरते, म्हणून घरमालक म्हणतो "पाणी मस्त आहे की." खरं मशीनचा व्हॉल्व्ह नळासारखा चावी फिरवून उघडत नाही. आतला रबरी पडदा पाण्याच्या दाबानंच उचलला जातो. दाब कमी असला तर तो अर्धवट उचलतो, पाणी करंगळीएवढ्या धारेनं येतं आणि घड्याळ मशीनला हरवतं. असल्या घरात मी व्हॉल्व्ह बदलून दिला तर चार दिवस सगळे खूश आणि पाचव्या दिवशी परत आयई. तिथं छोटा प्रेशर पंप बसवायचा किंवा टाकी स्टँडवर उचलायची, तिसरा उपाय नाही.

पण त्याआधी फुकटातलं बघून घ्या. मशीनचा प्लग काढा, नळ बंद करा आणि पाइप मशीनच्या मागून सोडवा. व्हॉल्व्हच्या तोंडात बोटाच्या पेराएवढी प्लॅस्टिकची जाळी बसवलेली असते. तिचा मधला खुंट पक्कडीनं धरून अलगद ओढली की बाहेर येते. बोअरच्या पाण्यातली वाळू, लोखंडी पाइपचा गंज आणि रस्ता खणल्यानंतर लाइनीत शिरलेली तांबडी माती हे सगळं त्या जाळीत अडतं. जुन्या टूथब्रशनं घासा आणि परत बसवा. जाळी फाटलीय म्हणून ती न बसवताच पाइप जोडू नका. ती नसली तर वाळूचा कण त्या रबरी पडद्याखाली जाऊन बसतो, आणि त्याचे भोग पुढे सांगतो. पाइप सोडवलेलाच आहे तर त्याचं तोंड बादलीत धरून नळ सोडा. पंधरा लिटरची बादली भरायला पाच मिनिटांहून जास्त लागत असतील तर दोष मशीनचा नाही, हा माझा आडाखा.

आता ज्यासाठी हे दोन कोड शेजारी मांडले, ती गंमत. पाणी नेणाऱ्या पायपाच्या चुकीनंही 'पाणी येत नाही' हाच कोड येतो.

आपल्याकडच्या कितीतरी टॉप लोड मशीनमधलं पाणी पंपाविना, उतारानं जातं. तळाशी झडप उघडते आणि पाणी वाहून जातं. त्यामुळे त्यांचा पाइप जमिनीवरच, मोरीत सोडलेला असायला हवा. वाटेत उंबऱ्यावरून चढवला तर पाणी अडतं आणि ओई येतो. फ्रंट लोडचं बरोबर उलटं. तिथं पंप असतो, पण पंपात सहसा पाणी रोखणारी झडप नसते. टबातलं पाणी टबातच राहतं ते पायपाच्या चढामुळे. मागच्या क्लिपात अडकवून पाइप वर नेलेला असतो आणि त्याचं तोंड जमिनीपासून साठ ते शंभर सेंटिमीटर उंच ठेवायचं असतं.

दहा वर्षं टॉप लोड वापरलेल्या घरात दिवाळीला फ्रंट लोड येतं. जुनं गेलं त्याच जागी नवं बसतं, आणि पाइप 'आधी होता तसाच' क्लिपातून काढून मोरीत टाकला जातो. मग काय? एका बाजूनं व्हॉल्व्ह पाणी सोडतोय, दुसऱ्या बाजूनं तेच पाणी मोरीत चाललंय. पातळी चढत नाही, आठ मिनिटं होतात, आयई. घरातले नळ तपासतात, जाळी धुतात, टाकी भरतात. मोरीकडे कुणाचं लक्षच जात नाही, कारण कोड येण्याचा आहे, जाण्याचा नव्हे. ओळखायचं कसं? मशीन पाणी भरत असताना मोरीतल्या पायपाचं तोंड बघा. भरायच्या वेळी तिथून धार दिसली की चोर सापडला. पाइप हातानं बेसिनएवढा वर धरा. धार थांबली आणि मशीन पुढे सरकलं तर पाइप क्लिपात परत अडकवा आणि मला फोन करू नका. पाइप उंच आहे पण भिंतीतल्या नळकांड्यात खोल खुपसून भोवती कापड कोंबलंय, असंही बघितलंय. त्यानं हवा अडते आणि पाणी ओढलं जात राहतं. तोंडाभोवती हवेला जागा हवी.

ओईकडे येऊ. हा कोड बहुतेक वेळा खरं बोलतो. फ्रंट लोडच्या पुढे खाली एक छोटं दार असतं, त्यामागे पंपाचा फिल्टर. प्लग काढा. गरम पाण्यात धुतलं असेल तर तासभर थांबा, नाहीतर पाय भाजेल. शेजारची छोटी नळी असेल तर तिचं बूच काढून पाणी परातीत घ्या. परात भरली की बूच, परात ओतली की परत. काचेपर्यंत भरलेलं मशीन रिकामं करायला दहा-बारा फेऱ्या होतात. मग फिल्टर घड्याळाच्या उलट दिशेनं फिरवून काढा. खासबाग-वडगाव म्हणजे मागांचा भाग, तिथल्या फिल्टरमधून मला धाग्यांचे लोळेच्या लोळे मिळतात. रोप लावणीच्या दिवसांत येळ्ळूरकडच्या मशीनमध्ये चिखल. बाकी नाणी, सेफ्टी पिना, सुपारीचं खांड हे सगळीकडे. फिल्टर काढलेल्या भोकात टॉर्च मारा, पंपाचं पातं दिसेल. काडीनं ढकलून बघा. झटके देत का होईना, फिरायला हवं. पात्याला धागा गुंडाळलेला असला तर फिल्टर कितीही धुतला तरी ओई येतच राहणार. मावशींच्या मशीनमध्ये हेच होतं. जरीचा एक लांबलचक तुकडा.

फेस हेही एक कारण. बोअरच्या जड पाण्यात फेस कमी होतो म्हणून पावडर जास्त घालायची सवय लागते. एखाद्या दिवशी टाकीत नळाचं हलकं पाणी येतं, माप तेच, आणि मशीनमध्ये फेसाचा डोंगर. पंप पाणी ओढतो, फेस त्याला ओढवत नाही. मशीनची कमी फेसाची पावडर वापरा, आणि पाण्याप्रमाणे माप बदला.

मघाशी वाळूच्या कणाचं अर्धवट सोडलं. तो इनलेट व्हॉल्व्हच्या पडद्याखाली अडकला की व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही. मशीन रिकामं करू पाहतंय आणि मागून पाणी येतच राहतंय. आता दोष येण्याच्या बाजूला आणि कोड मात्र जाण्याचा येऊ शकतो. टाकीचा दाब फारच कमी असला तरी पडदा असाच अर्धवट मिटतो. रात्री मशीन बंद ठेवून नळ तेवढा चालू ठेवा. सकाळी कोरड्या ड्रममध्ये पाणी साचलेलं दिसलं तर व्हॉल्व्ह गळतोय. त्या वेळी मात्र पिशवीतला नवा व्हॉल्व्ह कामाला येतो. तोवर धुणं झालं की नळ बंद करत चला.

ड्रम कोरडा ठणठणीत, पंप सुरळीत, मोरीत पाणी व्यवस्थित जातंय आणि तरीही ओई येतोय, असं असेल तर ती हवेची बारीक नळी साबणानं तुंबलीय किंवा सेन्सर गेलाय. हे घरी उघडू नका. मागच्या पत्र्याआड चालू वीज असते आणि आपल्याकडे न्हाणीघरातल्या सॉकेटला अर्थिंग असेलच याची खात्री कुणी देत नाही. मेकॅनिकला फोन कराल तेव्हा पॅनेलचा फोटो पाठवा, ड्रममध्ये पाणी आहे की नाही ते सांगा, आणि पायपाबद्दल बोलताना नळाकडचा की मोरीकडचा, तेवढं सांगा.