गव्हावर संशय यायला इतका उशीर का झाला

"पोळीनं कधी कुणाला काही होतं का?" सीलिॲकचं, म्हणजे गव्हामुळे आतडं बिघडवणाऱ्या आजाराचं, निदान झालेलं मूल घरात असलं की कुणीतरी वडीलधारं माणूस हे विचारतंच. त्यांना बोल लावू नये. डॉक्टरांनाही पिढ्यान्‌पिढ्या तसंच वाटत होतं, आणि तेवढ्या काळात कितीतरी लेकरं हकनाक गेली.

आजार जुना आहे. ग्रीक वैद्य ॲरेटियसनं साधारण दुसऱ्या शतकात त्याचं वर्णन केलं. नावही पोटासाठीच्या ग्रीक शब्दावरून आलं. १८८७ साली लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयात सॅम्युएल गी यांनी त्यावर व्याख्यान दिलं. रोगी बरा व्हायचाच असेल तर तो आहारानंच होईल, असं ते म्हणाले. किती अचूक! पण त्यांनी भात आणि साबुदाणा बंद केला, आणि दोन्ही बाजूंनी खरपूस भाजलेल्या पावाच्या पातळ चकत्या चालतील म्हणून सांगितलं. त्यांच्या एका बालरोग्याला रोज मापभर डच शिंपल्या खाऊ घालत. तो छान बाळसं धरू लागला. शिंपल्यांचा हंगाम सरला आणि दुखणं परतलं. पुढच्या हंगामात पोरानं शिंपल्यांना तोंडच लावलं नाही.

१९२४ साली न्यूयॉर्कच्या सिडनी हास यांनी केळ्यांचा आहार सुचवला. मुलं खरोखरच सुधारत, कारण गहू ताटातून गेलेला असे. श्रेय मात्र केळ्यांना मिळालं. मूल बरं झालं असं समजून पाव पुन्हा सुरू व्हायचा.

हे कोडं हॉलंडमध्ये सुटलं. हेगच्या बालरुग्णालयातले विलेम डिके यांना १९३०च्या दशकापासूनच गव्हाची शंका होती. १९४४-४५च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे देशात उपासमार झाली, लोकांनी ट्यूलिपचे कंदसुद्धा खाल्ले. पावाच्या त्या टंचाईनं डिके यांची शंका पक्की केली. मग त्यांनी आहार बदलून बदलून मुलांवर बारकाईनं लक्ष ठेवलं आणि १९५०च्या प्रबंधात ते मांडलं. गव्हातलं ग्लुटेन हेच मूळ, हेही लवकरच सिद्ध झालं. सातू आणि राय नावाचं धान्य यांतही तसंच प्रथिन असतं.

१९५४ साली इंग्लंडच्या जॉन पॉली यांनी आतड्याच्या अस्तरातली बिघडलेली रचना दाखवली. अन्नरस शोषणारे बोटांसारखे बारीक उंचवटे झिजून सपाट होतात. तोंडावाटे नळी घालून तुकडा काढायची सोय झाल्यावर निदान पक्कं होऊ लागलं. १९९७ साली शरीराच्या प्रतिकारशक्तीचा रोख शरीरातल्याच टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज (टीटीजी) या विकरावर असतो हे कळलं. आजची टीटीजी रक्ततपासणी त्यावरच उभी आहे. ती व्हायच्या आधी गहू बंद करू नका, हे मी कळकळीनं सांगते. गहू थांबला की तपासणी फसवी ठरू शकते.

भारतात २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत उत्तरेत १.२३ टक्के, तर दक्षिणेत ०.१० टक्के प्रौढांच्या रक्तात या आजाराची खूण असलेली प्रतिपिंडं आढळली. औषध अजून नाही, पथ्य जन्मभराचं. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ आपल्या घरात आहेतच, पण ज्वारी ज्या गिरणीत दळता तिथे आधी गहू पडलेला असतो. आणि फोडणीतल्या हिंगाच्या डबीवरचं बारीक अक्षर वाचा: बांधणीच्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ निघतं.