ट्रकच्या स्लीपर केबिनचं इन्सुलेशन पारखताना टेम्परेचर गनवर जाऊ नका

बरेच ग्राहक आमच्याकडे येतात ते गनचा आकडा घेऊनच. "त्यांच्या चकचकीत शीटवर गन धरली तर गार दाखवते, तुमच्या काळ्या फोमवर गरम. मग तुमचा भाव जास्त कसा?" हे समजावण्यात कामाचा बराच वेळ जातो, म्हणून एकदा लिहूनच देत आहोत.

गन मोजते ती पृष्ठभागातून बाहेर पडणारी उष्णतेची किरणं. चकचकीत ॲल्युमिनियममधून ती फारच कमी निघतात. तिथे गनला दिसतं ते समोरच्या वस्तूंचं प्रतिबिंब. त्यामुळे फॉइल तापलेली असली तरी आकडा कमी येतो. त्याच फॉइलवर काळी इन्सुलेशन टेप चिकटवा, थोडं थांबा आणि टेपवर गन धरा. खरं तापमान कळेल.

फॉइल चांगली वस्तू आहे, पण तिच्यासमोर साधारण दोन सेंटिमीटर हवेची पोकळी हवी. पत्रा आणि अस्तर यांच्यामध्ये ती दाबून बसवली की पोकळी जाते, आणि काम करतो तो फक्त तिच्या मागचा पातळ फोम. चांगल्या क्लोज्ड-सेल (बंद कप्प्यांच्या) फोमची उष्णतावाहकता साधारण ०.०३५ असते. मीटरमधल्या जाडीला तिने भागा, म्हणजे थर उष्णता किती अडवतो ते कळतं, आकडा जास्त तितकं चांगलं: २५ मिमीला ०.७ येतात, ५ मिमीला जेमतेम ०.१४. भाव विचारताना हा आकडाही विचारा, आम्हालाही.

छताच्या रिब (पत्र्याला आतून आधार देणाऱ्या पोलादी पट्ट्या) उघड्या ठेवल्या तर उष्णता तिथूनच आत येते. पोलादाची वाहकता फोमच्या हजारपटीहून जास्त आहे. म्हणून आम्ही अस्तर पूर्ण उतरवतो आणि रिबवरूनही थर नेतो. यात गाडी जास्त वेळ अडकते, हे मान्य. पण अस्तरावरून शीट चिकटवून देण्याचं काम आम्ही घेत नाही. उघडी ग्लासवूलही (काचेच्या तंतूंचा कापूस) भरत नाही: झोपलेल्या माणसाच्या श्वासातली वाफ थंड पत्र्यावर पाणी होते, आणि ओली वूल उष्णता अडवत नाही.

काम झाल्यावर तपासायचं असेल तर एकाच रंगाच्या, एकाच मॉडेलच्या दोन गाड्या, एक काम केलेली आणि एक न केलेली, एका दिशेला तोंड करून उभ्या करा. काचांवर पडदे ओढा, नाहीतर समोरच्या काचेतून येणारं ऊनच तुम्ही मोजाल. साधा थर्मामीटर बर्थवर उशीच्या उंचीला, सावलीत टांगा. रात्री दोन्ही एसी एकाच तापमानावर लावून कुठला कॉम्प्रेसर कमी वेळ चालतो ते पाहा.

दुसरीकडचा नमुना खुशाल घेऊन या, टेप लावून तुमच्यासमोर मोजू. आयएसओ ३७९५ नुसार ज्वलनचाचणीचा अहवालही मागा. आमच्या मालाचा काउंटरवर ठेवलेला आहे.