जड सायकल म्हणजे मजबूत सायकल? नाही!

‘उचलून बघा, जड लागली की डोळे झाकून घ्या.’ सायकल घेताना हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या दिला जातो. तो चुकीचा आहे.

फ्रेम नळीच्या मधोमध क्वचितच मोडते. ती दगा देते जोडाशी, कारण ताण तिथेच एकवटतो. म्हणून चांगली नळी टोकांना जाड आणि मध्ये पातळ ठेवतात. ही युक्ती काही आजची नाही. इंग्लंडमध्ये आल्फ्रेड रेनॉल्ड्स यांनी १८९७ मध्येच तिचं पेटंट घेतलं होतं. व्यासाचंही तसंच. जाडी तेवढीच ठेवून नळीचा व्यास दुप्पट केला तर वजन साधारण दुप्पट होतं, पण वाकण्याला होणारा विरोध जवळपास आठपट! उलट सरसकट जाड नळी वापरली की पोलाद जास्त लागतं, ते बनवायला इंधनही जास्त जळतं, आणि कच्चा जोड मात्र कच्चाच राहतो.

तेव्हा वजन नको, चाचणी विचारा. आयएसओ ४२१० या सायकलींसाठीच्या आंतरराष्ट्रीय सुरक्षा मानकात फ्रेमवर पायडल मारल्यासारखा भार १ लाख वेळा देतात. तडा गेला की फ्रेम नापास.

घरची सायकलही तपासा. हँडलखालचा जोड ओल्या फडक्याने पुसून उजेडात बघा. रंगावर केसासारखी रेघ किंवा गंजाची बारीक ओळ दिसली, तर ओरखडा समजून सोडू नका, आधी सायकल चालवणं थांबवा. पोलादी फ्रेम जाणकार वेल्डरकडून बहुतेकदा दुरुस्त होते; लगेच भंगारात घालू नका.