काँग

काँग : आयर्लंडच्या पश्चिमेकडील मेयो काउंटीतले एक लहानसे खेडे. ते काउंटीच्या दक्षिण टोकाला, गॉलवेच्या हद्दीलगत आहे. उत्तरेला लॉख मास्क, दक्षिणेला लॉख कॉरिब ही मोठी सरोवरे आणि त्यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीवर गाव. आयरिश भाषेत अशा पट्टीला ‘कुंगा’ म्हणतात. गावाचे नाव त्यावरूनच पडले.

काँग समजून घ्यायचे तर आधी तिथले पाणी समजून घ्यावे लागते. मास्क सरोवराची पातळी कॉरिबपेक्षा उंच आहे, पण त्याचे जादा पाणी उघड्या नदीने खाली येत नाही. ते चुनखडीच्या भेगांत शिरते, जमिनीखालून वाट काढते आणि काँगजवळ झऱ्यांच्या रूपाने वर येते. त्यातून तयार होणारी आखूड काँग नदी थोड्याच अंतरावर कॉरिबला मिळते. परिसरात गुहा बऱ्याच आहेत. काहींत उतरले की खाली वाहणारे पाणी दिसते.

याच खडकाने गावाच्या इतिहासातला सर्वांत प्रसिद्ध फजितीचा प्रसंग घडवला. बटाट्याचे पीक बुडून पडलेल्या दुष्काळात लोकांना काम मिळावे आणि दोन सरोवरांत नावा चालाव्यात, म्हणून १८४८ मध्ये कालवा खणायला घेतला. खडक फोडला, घडीव दगडांचे काठ बांधले, नावा वर-खाली घेण्यासाठी दगडी लॉक उभारले. पण तळ सच्छिद्र, पाणी ठरेना. १८५४ मध्ये नौकानयनाचे काम थांबवले. समारंभाने पाणी सोडले आणि सर्वांच्या डोळ्यांदेखत ते गडप झाले, ही गोष्ट रंगवून सांगितली जाते. पण काम पुरे होण्याआधीच सोडून दिलेले असल्याने ती तेवढ्यावरच घ्यावी. रेल्वे येऊ लागल्याने जलमार्गाची निकडही कमी झाली होती. आज वर्षाचा बराच काळ पात्र कोरडे असते आणि एकही नाव न पाहिलेले लॉक जागच्या जागी उभे आहेत.

गावाचा धार्मिक इतिहास त्याहून फार जुना. संत फेहीन यांनी सातव्या शतकात येथे मठ स्थापल्याचे मानतात. सध्या दिसणारे अवशेष बाराव्या शतकातील व नंतरच्या ऑगस्टिनियन मठाचे आहेत. आयर्लंडचा अखेरचा महाराजा रोरी ओकॉनर याने राज्य सोडल्यावर अखेरची वर्षे येथेच काढली. ११९८ मध्ये तो येथेच वारला. त्याचे वडील टर्लो ओकॉनर यांनी ११२३ मध्ये करवून घेतलेला ‘काँगचा क्रूस’ आता डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ओक लाकडावर धातूचे पत्रे, त्यांवर गुंतागुंतीची प्राण्यांची नक्षी आणि मध्यभागी स्फटिक. येशूच्या क्रूसाचा तुकडा ठेवण्यासाठी तो घडवला होता.

मठाजवळ नदीवर बांधलेली छोटी दगडी खोली मात्र अवश्य पाहावी अशी. तिच्या जमिनीत चौकोनी भोक आहे आणि खालून नदी वाहते. साधू शेकोटीशी बसून त्यातून मासे धरत. मासा अडकला की दोरीने मठाच्या स्वयंपाकघरातली घंटा वाजे, असे सांगतात. खरे असो वा नसो, युक्ती झकास आहे.

गावालगतचा अ‍ॅशफर्ड किल्ला १८५२ मध्ये गिनेस या मद्यव्यावसायिक घराण्याने घेतला. आता तेथे आलिशान हॉटेल आहे. जॉन फोर्ड यांच्या ‘द क्वाएट मॅन’ चित्रपटाचे बरेच चित्रीकरण १९५१ मध्ये काँग परिसरात झाले. आजचे अनेक पर्यटक त्यासाठीच येतात.

काँगच्या उत्तरेला, मास्क सरोवराकाठी, कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट हा एका जमीनदाराचा कारभारी राहत असे. जमिनीच्या खंडावरून (भाड्यावरून) कुळांशी वाद पेटला आणि १८८० मध्ये पंचक्रोशीने त्याच्याशी व्यवहारच तोडले : मजूर कामाला येईनात, दुकानदार माल देईनात. पीक काढायला बाहेरून पन्नास माणसे आणावी लागली आणि त्यांच्या रक्षणाला सैन्य व पोलीस मिळून सुमारे हजार. पिकाच्या किमतीच्या कित्येक पट खर्च बंदोबस्तावर झाला. बॉयकॉट वर्ष संपायच्या आत तिथून निघून गेला. त्याचे आडनाव मात्र क्रियापद होऊन जगभर पसरले. १९०५ च्या वंगभंगानंतर भारतातही विलायती मालाच्या ‘बॉयकॉट’ची हाक दिली गेली आणि टिळकांच्या चतुःसूत्रीत तेच शस्त्र ‘बहिष्कार’ या नावाने आले.