चकचकीत दिसणारा गंज

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या जुन्या घराच्या लोखंडी फाटकावर गेल्या दिवाळीआधी मी ग्राइंडरला तारांचा कप ब्रश लावून हात फिरवला, पट्ट्या लखलखू लागल्यावर समाधानाने काळा रंग दिला, आणि या पावसाळ्यात नेमक्या त्याच लखलखलेल्या जागी रंगाला फोड आले. एक फोड नखाने उचलला, तर आत ओलसर तांबूस भुकटी होती.

गंज म्हणजे लोखंडाचे जलयुक्त ऑक्साइड. ज्या लोखंडापासून तो बनतो त्याच्या कितीतरी अधिक जागा तो व्यापतो, म्हणूनच रंगाला वर ढकलतो. शिवाय तो सच्छिद्र असल्यामुळे ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडप्रमाणे खालच्या धातूला कवच देत नाही. तो धातूला सारखा न खाता खळगे पाडत जातो, आणि कप ब्रशची फसगत इथेच होते. ब्रशची तार खरवडते ती केवळ टोकाने. आपण जोर दिला की ती वाकते, टोकाऐवजी तिची कड घासू लागते, आणि खळग्यातला गंज निघण्याऐवजी तिथेच दाबला जाऊन वरून घोटला जातो. उघडे लोखंड रुपेरी करडे दिसते, घोटलेला गंज काळपट चमकतो. बॅटरीचा उजेड तिरपा टाकला की हा फरक कळतो. बोअरच्या पाण्यातून किंवा घामाच्या हातांतून आलेली क्लोराइडे, म्हणजे मिठासारखे क्षार, या खळग्यांत दडून राहतात. क्लोराइड लोखंडाशी संयोग पावते, त्या क्षारावर पाणी व ऑक्सिजन यांची क्रिया होऊन गंज बनतो आणि क्लोराइड पुन्हा मोकळे होते. म्हणजे ते खर्चीच पडत नाही. रंगाच्या थरातून पाण्याची वाफ आत शिरू शकते, तिला हे क्षार ओढून घेतात, आणि फोड धरतो.

म्हणून सपाट, जाड पट्टीला ६० नंबरची फ्लॅप डिस्क, म्हणजे सँडपेपरच्या पाकळ्यांची चकती, बरी, मात्र पातळ पत्रा तिने तापून वाकतो. रंगाचे जाड थर काढायला स्पंजासारखी दिसणारी जाळीदार डिस्क उत्तम, कारण ती धातू फारसा खात नाही. वेलबुट्टीच्या कोपऱ्यांत ड्रिलला बसणारा छोटा ब्रश आणि हातातली पत्री (खरवडायची पातळ पट्टी) यांना पर्याय नाही. खळगे फारच खोल असतील, तर त्यांच्या तळाशी पोहोचतात ते सँडब्लास्टिंगचे, म्हणजे जोराच्या झोताने मारलेले, कण. पण कोरड्या वाळूची धूळ फुप्फुसांना सिलिकोसिस हा रोग जडवते, तेव्हा ते काम घरच्या अंगणात करू नये.

१०० मिलिमीटरची डिस्क मिनिटाला ११,००० फेरे घेते, तेव्हा तिच्या काठाचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या पुढे जातो, आणि तुटलेली तार जवळपास त्याच वेगाने निघते. सियागंजच्या बाजारात ब्रश घेताना त्यावर छापलेला कमाल वेग ग्राइंडरच्या वेगाहून कमी नाही ना, हे पाहावे. शनिवारी लोखंड घरी आणू नये असे सांगणाऱ्यांना हा आकडा पाहण्याची आठवण होत नाही. लोखंडाला वार समजत नाही, हवेतला दमटपणा मात्र समजतो, त्यामुळे साफ केलेल्या भागाला त्याच दिवशी प्रायमर लागला पाहिजे.

घरगुती रंगांत शिसे ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भागांच्या) वर नसावे, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगावर ग्राइंडर चालवला, तर शिशाची धूळ घरभर पसरू शकते. आमच्या फाटकाचे तळचे थर त्याहून जुने आहेत, म्हणून या खेपेला ते ओले करून पत्रीने खरवडत आहे, आणि तीन दिवसांत जेमतेम एक झडप झाली आहे.